माफी इंगळे बाईंजवळ होती

दिलीप इंगळे यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, शाळा भरायच्या सुमारास मारलं. आमच्या गावाहून सुलतानपूरला जाणाऱ्या रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे. मी त्या वर्षी दहावीत होते. मारणारे तिघे होते आणि त्यांचा म्होरक्या विक्रम, आमच्या भागातल्या एका मोठ्या पुढाऱ्याचा सख्खा भाचा. गायरानातला मुरूम चोरून कोण उपसतं, हे दिलीपभाऊंनी ग्रामसभेत उभं राहून विचारलं होतं. कोर्टात खून शाबीत झाला. तिघांना जन्मठेप झाली आणि वरच्या कोर्टानं ती कायम केली.

दुसरा अन्याय झाला तो त्यांच्या मोठ्या बहिणीवर. पंचफुला इंगळे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, गावाच्या इंगळे बाई. तो झाला विधानसभेची आचारसंहिता लागायच्या महिनाभर आधी, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. विक्रम शिक्षा अर्धवट टाकून गाड्यांच्या ताफ्यातून गावात आला. त्याच्या दोन साथीदारांना मात्र सरकारनं आतच ठेवलं. त्यांना मामा नव्हता.

मी पत्रकं लिहिणारी. पत्रकाच्या एका पानात बाई मावत नाहीत, म्हणून हे लांबलं आहे.

बाई ठेंगण्या होत्या आणि त्यांना हळू बोलता येत नसे. वर्गाच्या शेवटच्या रांगेसाठी कमावलेला आवाज त्यांनी घरातही तसाच वापरला. त्या मीठ मागत, तेव्हा शेजारचं घर मीठ घेऊन येई. गुपित सांगायला त्यांच्याकडे कोणी जात नसे. गेलंच तर ते गुपित राहत नसे, आणि यात त्यांचा काही दुष्टपणा नव्हता. आवाजच तसा.

शिवाय त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. मुलांशी, साहेबांशी, एसटीच्या कंडक्टरशी त्या शाळेची भाषा बोलत. 'ण'ला 'ण' आणि 'न'ला 'न', शब्दाशब्दावर टिंब ठेवल्यासारखी. वऱ्हाडी त्या फक्त भावाशी बोलत. संध्याकाळी ओट्यावर बहीणभाऊ बसले की शाळेच्या बाई कुठे गेल्या असं वाटे. 'काऊन रे, जेवला का?' आणि भाऊ म्हणे, 'हाव, तू वाढशीन तं जेवीन.' दिलीपभाऊ गेल्यावर ती भाषा बोलायला घरात माणूस उरलं नाही. दिलीपभाऊंची लेक, बाईंची भाची रेखा शिकायला बाहेर होती. मग बाईंच्या तोंडून वऱ्हाडी आली की गावाला कळे, आज काहीतरी खरं आहे.

वर्गात त्यांचा एक नियम होता. आमच्या गावातला चाळिशीच्या आतला कोणीही माणूस तो झोपेतून उठवला तरी सांगेल. मूल म्हणे, 'चुकलं बाई.' बाई म्हणत, 'नुसतं चुकलं नको. काय चुकलं?' मग ते सांगावं लागे. पेन्सिल घेतली हे नाही चालायचं. कोणाची घेतली, ती सापडत नव्हती तेव्हा तो रडत होता का, आणि तू ते पाहत होतास का. इतकं सगळं सांगितलं की बाई 'बस खाली' म्हणत आणि विषय तिथेच संपे. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढल्याचं कोणाला आठवत नाही. ओरडा नाही, छडी नाही. पण ते सांगणं छडीपेक्षा अवघड होतं, हे मला विचारा.

विक्रमही त्याच शाळेत, माझ्या बराच आधी. तिसरीत असताना त्यानं शाळेचा पाण्याचा रांजण फोडला. 'चुकलं बाई' तो लगेच म्हणाला. 'काय चुकलं?' यावर गप्प. बाईंनी त्याला दारापाशी उभं केलं. तो दुपारपर्यंत उभा राहिला आणि बोलला नाही. तेवढ्यात मामा आला. तेव्हा मामा नुसता ठेकेदार होता. त्यानं नवा रांजण आणून ठेवला आणि हसत म्हणाला, लेकरू आहे बाई, झालं ते झालं, हा घ्या याच्यापेक्षा मोठा. बाईंनी सांगितलं की रांजण ठेवा, उपकार झाले, पण त्याच्या वतीनं बोलू नका, त्याला तोंड आहे. मामानं भाच्याचा हात धरला आणि वर्गातून घेऊन गेला. ही गोष्ट मला बाईंनी सांगितली नाही, गावानं सांगितली. बाईंना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, 'त्या दिवशी तो सांगायच्या बेतात आला होता.'

विक्रम सुटून आला त्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. हार घातलेला फोटो आणि खाली ठळक अक्षरात 'निर्दोष मुक्त'. बाईंची रस्त्यानं जाताना प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची आणि तिच्या चुका काढायची सवय होती. किराणा दुकानदार त्यांच्या धाकानं 'साखर' नीट लिहायला शिकले होते. त्या दिवशी त्या फ्लेक्ससमोर थांबल्या. चौक थांबला. बाईंनी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, 'शुद्धलेखन बरोबर आहे. बाकी सगळं चूक.' आणि भाजी घ्यायला गेल्या.

आम्ही चार-पाच जणांनी रातोरात पत्रक छापलं. मी लिहिलं होतं, 'खुन्याला दिलेली माफी रद्द करा', पुढे तीन उद्गारचिन्हं. सकाळी बाईंना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावला, आधी उद्गारचिन्हं खोडली, एक ठेवलं नाही. मग 'माफी' या शब्दाखाली रेघ मारली.

मी समजावायला लागले. चौदा वर्षं आत काढल्याशिवाय अशा कैद्याला सोडता येत नाही असा कायदा आहे, पण घटनेत एक वेगळं दार आहे. राष्ट्रपतींच्या पातळीवर एक, राज्यपालांच्या पातळीवर एक. त्या दाराला चौदा वर्षांची अट नाही. सही मोठ्या खुर्चीची असते, सल्ला मंत्रिमंडळाचा असतो, आणि मंत्रिमंडळाला निवडणुका असतात. विक्रम बाहेर आला की चार गावं मामाच्या मागे उभी राहतात, म्हणून तो बाहेर आला. मी बरीच तापले होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या वऱ्हाडीत बोलल्या, आणि भाऊ गेल्यापासून त्यांची वऱ्हाडी मी पहिल्यांदा ऐकली.

'हे समदं मले समजलं वो. पण त्याले माफी म्हणू नोको. सरकारनं देली ते सूट. दिवाळीत कापडाच्या दुकानात देतेत तशी. माफी माह्यापाशी आहे. ते मागाले अजून कोणी आलं नाही.'

नवं पत्रक छापलं. 'खुन्याला दिलेली सूट रद्द करा.' लोक हसले. सूट म्हणजे कापडाचा सेल आला की काय, असं बसस्टँडवर कोणी म्हणालं. पण शब्द बसला. आठवडाभरात मामाचे कार्यकर्तेसुद्धा बोलताना 'माफी' म्हणायचे आणि मध्येच अडखळायचे.

गावाला मात्र माफी हा शब्द दुसरीकडून माहीत होता, आणि त्यातूनच ती गिरणीतली गोष्ट घडली. नामदेवकाका गिरणीवाले हे भले माणूस. दिलीपभाऊंच्या मातीला ते रडले होते. बाई दळण घेऊन गेल्या तेव्हा ते समजुतीनं सांगायला लागले की बाई, मागच्या निवडणुकीआधी कर्जमाफी झाली तेव्हा आपण सगळ्यांनीच घेतली, तुमच्या भावाच्या नावावरचंही गेलं. सरकारनं एकदा माफ केलं की उतारा कोरा. तसंच हे. आता त्याच्या नावावर काही नाही, तुम्हीही मनातून काढून टाका. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. अर्धं गाव असंच समजत होतं. कर्जमाफी, वीजबिल माफी, शिक्षामाफी. निवडणुका आल्या की वरून काहीतरी माफ होतं, अशी आम्हाला सवयच लागलेली.

बाईंनी त्यांना पट्टा बंद करायला सांगितलं. गिरणी घरघरत थांबली. रांगेत सात-आठ बाया होत्या.

'नामदेवभाऊ, कर्ज सरकारचं होतं, सरकारनं सोडलं. माहा भाऊ सरकारचा होता काय?'

नामदेवकाकांनी पट्टा पुन्हा सुरू केला नाही. मग कोणीतरी म्हणालं, काका, दळण राह्यलं. बाईंचं ते भावाचं वाक्य मी पुढे पत्रकावर घेतलं आणि आमच्या तालुक्यात ते भिंतीभिंतीवर गेलं. लेखिका मी नाही, हे इथे सांगून टाकते.

बाई सुटकेच्याच विरुद्ध आहेत, खून का बदला खून वाल्या आहेत, असं मामाच्या लोकांनी पसरवलं. म्हणून सखारामची गोष्ट सांगायलाच हवी.

सखाराम लोणारजवळच्या एका वाडीतला. बांधावरच्या भांडणात त्यानं शेजाऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली आणि स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन बसला. पुढे तुरुंगात त्याची नजर गेली. दिलीपभाऊंचे खुनी आत असतानाच्या त्या वर्षांत बाईंनी सखारामसाठी दयेचा अर्ज लिहिला. वाडीच्या लोकांनी हट्ट धरला की अर्ज राष्ट्रपतींनाच करायचा, कारण त्याच्यावर कोणी नाही. बाईंनी सांगून पाहिलं की याचा रस्ता राज्यपालांकडून आहे, पण लोक ऐकेनात, तेव्हा दोन्हीकडे पाठवला. मेलेल्या शेजाऱ्याची बायको गयाबाई, तिनं त्यावर सगळ्यात आधी अंगठा लावला. सखारामनं कोर्टातून तुरुंगात जाताना तिच्यासमोर थांबून सगळं सांगितलं होतं. पाणी कोणी सोडलं, शिवी कोणी दिली, कुऱ्हाड कशी उचलली, पडल्यावर तिचा नवरा काय म्हणाला. गयाबाई म्हणायची, 'त्यानं सांगतलं. मले रातची झोप लागाले लागली.'

तेव्हाही लोकांनी बाईंना विचारलं की तुमच्या भावाचा मारेकरी आत राहावा आणि हा सुटावा, हा कुठला न्याय. बाई म्हणाल्या की ज्याची चूक त्यानं सांगितली आणि जिचं नुकसान तिनं सोडलं, आता सरकारनं मध्ये का उभं राहावं.

सरकार मध्ये उभंच राहिलं. ना हो, ना नाही. आंधळा माणूस कोणाची कसली मतं आणणार. त्याच्या मागे एक म्हातारी आई होती आणि मतदार यादीत तिचंही नाव सापडत नसे. सखाराम अजून आत आहे. विक्रम बाहेर आहे. दया कोणावर करायची हे दया पाहून ठरत नाही, एवढं समजायला मला कुठलंही पुस्तक लागलं नाही.

आता साडीचोळीचं.

आमच्याकडे दोन घरांत वैर झालं आणि ते मिटवायचं ठरलं, की ज्या घराचं नुकसान झालं तिथल्या बाईला दुसऱ्या घरानं साडीचोळी करायची. तिनं ती ओटीत घेतली की ती त्या घराची बहीण झाली. मग पुन्हा तोंडातून तक्रार काढायची नाही. गावानं पाहिलेलं असतं. पोलीस, कोर्ट, कागद, काही लागत नाही.

मामानं हेच काढलं. बाईंनी साडी घेतली की त्यांची बौद्ध वस्ती गप्प, वस्ती गप्प बसली की तालुक्यात बोलायला कोणी नाही. आणि हे आचारसंहिता लागायच्या आत उरकायचं होतं, कारण नंतर स्टेज बांधता आलं नसतं. आधी एक माणूस बाईंकडे पाठवला. सफारी घातलेला, मऊ बोलणारा. मी तिथेच होते. तो म्हणाला, बाई, जरा आत बसून बोलू. आत बसला आणि हळू आवाजात रेखाची चौकशी करायला लागला. रेखा तेव्हा मलकापूरला एका दवाखान्यात नर्स होती.

बाईंना हळू बोलता येत नसे हे मी सांगितलं आहे. 'काय म्हणता? रेखा मलकापूरला एकटी राहते? हो, एकटीच राहते. रात्रपाळी करून एकटी घरी येते, हो. तुम्हाला तिच्याबद्दल काय सांगायचं आहे, जरा स्पष्ट सांगा.' ओट्यावर माणसं जमायला लागली. त्या माणसाचा चहा तसाच राहिला. दारातून जाताना तो पुन्हा हळूच काहीतरी बोलला, आणि बाईंनी तेही मोठ्यानं परत म्हटलं, 'काळजी घ्या म्हणता? घेते.'

मग वस्तीतलीच वडीलधारी माणसं आली. ती धमकावत नव्हती, भ्यालेली होती. बाई, गावात राहायचं आहे, पोरांना त्याच रस्त्यानं शाळेत जायचं आहे. बाईंनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, येते मी स्टेजवर. मी वाद घातला, रडले सुद्धा. एवढी पत्रकं, एवढ्या सभा, आणि शेवटी खुन्याच्या हातची साडी. बाई मला म्हणाल्या की तू समोर बस आणि घोषणा देऊ नकोस. घोषणा दिलीस तर मला ऐकू येणार नाही.

काय ऐकू येणार नाही, ते तेव्हा कळलं नाही.

ग्रामपंचायतीसमोर मंडप होता. हिरव्या जाळीचं छत, कूलर, ढोलताशा. मामानं माइक घेऊन बाईंना माझी थोरली बहीण म्हटलं, आणि या गावाला नजर लागली होती ती आज उतरली, असं म्हटलं. बाया पदर तोंडाला लावून पाहत होत्या. बाई वर गेल्या. विक्रम ताट घेऊन पुढे आला, त्यात जांभळी साडी, खण, नारळ. तो त्यांच्या पाया पडायला वाकला तशा बाई एक पाऊल मागे सरल्या. त्यानं माइकमध्ये पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

'बाई, काही चुकलं असेल तर माफ करा.'

बाईंसमोर माइक धरला होता. त्यांनी तो हातानं बाजूला केला. त्यांना तो लागत नव्हताच.

'काय चुकलं?'

मंडपात कोणी हसलं नाही. चाळिशीच्या आतली जेवढी माणसं तिथे बसली होती, त्यांची पाठ एकदम ताठ झाली. विक्रमनं मामाकडे पाहिलं.

'तिकडे पाहू नोको बे. मामाले मी नाही विचारलं, तुले विचारलं. पुलापाशी काय केलं ते सांग. कोणी धरलं, कोणी मारलं, तुले कोणी पाठवलं, माहा दिलीप काय बोलला. समदं सांग. मंग माफी माह्यापाशी आहे, इथीच देईन. साडीबी नोको.'

मी समोर बसले होते म्हणून पाहिलं. विक्रमच्या हातातलं ताट कललं. नारळ घरंगळून खाली गेला आणि त्यानं तो उचलला नाही. तो बाईंकडे पाहत होता, आणि त्या तोंडावर तीस-पस्तिशीतला पैलवान नव्हता. तो म्हणाला, 'बाई, त्या दिवशी सकाळी मामानं मले...'

मामा खुर्चीतून उठला नाही. त्यानं फक्त हात वर केला. ढोलताशा सुरू झाला. कोणीतरी विक्रमच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे घेतलं, दुसऱ्यानं ताट घेतलं, निवेदकानं भावना अनावर झाल्याचं जाहीर केलं. स्टेजवर फुलं पडायला लागली. बाई त्या गोंगाटात तशाच उभ्या, मान पुढे काढून, जणू शेवटच्या रांगेतलं मूल पुटपुटतंय आणि त्यांना ते ऐकायचं आहे. मग एकट्या उतरून खाली आल्या. साडी ताटातच राहिली.

घरी आल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, 'सांगत होता तो. तू पाह्यलं ना? सांगत होता.' मला वाटलं त्या जिंकल्यासारख्या दिसतील. त्यांचे डोळे भरले होते. 'त्याले तुरुंगातून सोडवलं म्हणतेत. सोडवलं नाही वो पोरी. आतमधी राह्यला असता तं आज ना उद्या बोलला असता. ते नाही पाह्यजे म्हणून बाहेर काढून बांधून ठेवलं.'

सुटकेमागे मतं होती, हे मी शंभर वेळा लिहिलं होतं. मतांच्या मागे आणखी काय होतं, ते बाईंनी एका प्रश्नात बाहेर काढलं. एका माणसाचं तोंड बंद ठेवायला सरकारची सही वापरली गेली. माझं हे म्हणणं कोर्टात टिकेल का, वकील म्हणतात टिकणार नाही. अर्धं वाक्य पुरावा होत नाही. मंडपातल्या तीन-चारशे माणसांनी ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी विचारायला गेलो तर प्रत्येकाला ढोलच ऐकू आला होता.

मामा निवडून आला. बाईंच्या पत्र्यावर दगड पडायला लागले, नळाचं पाणी त्यांच्या गल्लीपर्यंत येईना. नामदेवकाका गुपचूप दळण घरी आणून देत. शेवटी रेखानं हट्ट करून त्यांना मलकापूरला नेलं. स्टेशनच्या मागच्या बाजूला तिची भाड्याची खोली. तिथून बाईंनी नागपूरला हायकोर्टात अर्ज लावला की ही सूट कुठल्या कारणानं दिली ते सरकारनं सांगावं. त्यांचं मागणं एवढंच. परत आत टाका हे दुसरं मागणं, आणि ते त्यांनी वकिलाच्या सांगण्यावरून घातलं.

पहिल्या तारखेला मी सोबत गेले होते. सरकारी वकील म्हणाले, कैद्याची वर्तणूक चांगली होती. बाई हसल्या. त्यांचं हसणं त्यांच्या आवाजासारखंच. न्यायाधीश साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि बाईंनी उठून शाळेच्या भाषेत माफी मागितली, कारणासकट. 'मी कोर्टात हसले आणि आपल्या कामात अडथळा आणला, हे माझं चुकलं.' मग खाली बसल्या. पलीकडे मामाची माणसं होती, पांढऱ्या कपड्यांची, तीन बाकं भरून. प्रत्येक तारखेला तेवढीच येत. काही बोलत नसत. नुसती बसत आणि बाईंकडे पाहत. आमच्या बाकावर बाई, मी आणि बाईंचा डबा. मी नसले की बाई आणि डबा.

आणि मी नेहमी नसे. आमच्यातल्या दोघांवर गुन्हे लागले, त्यांच्या जामिनासाठी मी मेहकर-बुलढाणा करत होते. गावाकडची तीन माणसं येतो म्हणाली आणि आली नाहीत. त्यांची नावं लिहीत नाही, त्यांनाही त्याच गावात राहायचं आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मलकापूर स्टेशनवर. थंडीची सकाळ. नागपूरकडे जाणारी गाडी उशिरा येत होती. मला बुलढाण्याला परतायचं होतं, म्हणून नुसती पोचवायला गेले होते. बाईंनी स्वेटरवरून शाल घेतलेली, पायात मोजे आणि चपला. खांबाआड एक पोरगा उभा राहून मोबाईलवर आमचं चित्रण करत होता. लपवतही नव्हता. कोण कुठे जातं, कोण पोचवायला येतं, हे वर कळवायचं असतं. मी त्याच्याकडे जायला निघाले. बाईंनी मला दंडाला धरून थांबवलं आणि त्या स्वतःच त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शाल नीट केली, चष्मा वर सारला.

'हात हलतोय तुझा. दोन्ही हातांनी धर. आणि उजेडाकडे पाठ करून उभा राहा, नाहीतर माझा चेहरा काळा येईल.'

पोरानं खरोखर बाजू बदलली. पूर्ण प्लॅटफॉर्म पाहत होता. गाडी आली तेव्हा बाई जनरलच्या डब्यात चढल्या, खिडकी मिळाली नाही, दारातच उभ्या राहिल्या. गाडी हलली. त्या काहीतरी सांगत होत्या, आणि त्या आवाजाचं एक अक्षरही मला ऐकू आलं नाही. असं पहिल्यांदाच झालं.

त्या नागपूरहून परत आल्या. तारीख पुढे गेली होती. आठवड्यानं रेखा रात्रपाळीहून आली तेव्हा बाई खोलीत खाली पडलेल्या होत्या. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मी तपास केला, मला संशय घ्यायची सवय आहे. यात काही नव्हतं. माणूस थकतं.

आता अर्जावर रेखाचं नाव आहे. तिच्याकडे सफारीवाला येऊन गेला. या वेळी नोकरीबद्दल बोलला. तिला बाईंचा आवाज नाही. ती हळू बोलते आणि तिला धमकी दिली तर ती कोणालाच ऐकू जात नाही. तिनं माघार घेतली तर अर्ज निकालात निघेल, सूट कायम होईल, आणि कारण कोणी कधी विचारणार नाही. पुढच्या निवडणुकीआधी दुसऱ्या गावात दुसरा भाचा सुटेल. सखाराम आतच असेल.

पुढची तारीख लागलेली आहे. रेखा मलकापूरहून सकाळच्या गाडीनं निघेल. पलीकडची तीन बाकं भरलेली असतील, त्याबद्दल मला शंका नाही. मला तुमची सही नको, वर्गणी नको, घोषणा तर मुळीच नको. तुम्ही हे इथवर वाचलं आहे, म्हणजे तुम्हाला आता माहीत नाही असं म्हणता येणार नाही. एक दिवसाची रजा टाका. नागपूरला या आणि त्या बाकावर रेखाच्या शेजारी बसा. निकाल लागेपर्यंत, प्रत्येक तारखेला.